आक्का वाचली, आप्पा गेले

गेम खेळणाऱ्या मंडळींनो, माझं डोकं चालेना झालंय, जरा ऐका.

आज दुपारी वडगावात वीज गेली, आमचे कापडाचे माग थांबले. मी मोबाईलवर लढाईचा गेम उघडला. मेलेला सैनिक कायमचा जातो, ही अवघड पातळी मीच निवडलीय. वर सैनिकांना घरच्यांची नावं दिलीत. वडील आप्पा, थोरली बहीण आक्का आणि मी.

आक्का एकटी पूल अडवून उभी राहिली. आप्पा आणि मी निसटलो, आक्का गेली. मला लई वाईट वाटलं. लढाई सोडून पहिल्यापासून खेळलो. ह्या खेपेला आक्का वाचली, आप्पा गेले.

खरे आप्पा शेजारीच मागावरचे तुटलेले धागे जोडत होते. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "धागा तुटला तर गाठ मारून पुढं जायचं रं. विणलेलं कोण उसवतंय?"

मला पटलं, आहे तसंच पुढं खेळायचं ठरवलं. पण पलीकडं चरख्यावर सुताच्या कांड्या भरता भरता खरी आक्का थांबली. "पहिल्यांदा मी तुम्हाला वाचवलं, ते पुसून टाकलंस व्हय?"

वीज आली, माग सुरू झाले. गेम अजून तसाच उघडा आहे. तुम्ही असता तर कुणाला जाऊ दिलं असतं?