उपाशी राहायचं होतं कुत्र्याने

तीस वर्षं कारखान्यात सुरक्षा अधिकारी असलेला माणूस घरातल्या कुत्र्याचं ऑपरेशन अंगावर घेतो तेव्हा काय होतं, हे साहेबांच्या बायकोला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तारीख ठरताच तिने चार दिवस भावाकडे जायचा घाट घातला. जमलं नाही.

भिडू चार वर्षांचा. गेल्या महिन्यात कुठल्याशा कुत्रीच्या वासाने फाटकावरून उडी मारून गेला आणि स्कूटरखाली आला. पाय खरचटण्यावर निभावलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘नसबंदी करून टाका, भटकणं कमी होईल. पुढच्या वेळी ट्रक असायचा.’’ ही तारीख चुकली तर पुढची दोन महिन्यांनी. नियम एकच : रात्री दहानंतर पोटात काही नको. भुलेत ओकारी झाली तर अन्न श्वासनलिकेत जातं, जिवावर बेततं.

साहेबांनी हे वहीत उतरवून खाली दोन रेघा ओढल्या. फ्रिजवर सूचना लागली आणि तिच्यावर बायकोची व मुलीची सही घेतली गेली. कचऱ्याची बादली कपाटावर गेली. मुलीच्या ऑफिसच्या बॅगेची झडती झाली.

‘‘बाबा, नसबंदी आहे की रॉकेट सोडताय?’’

‘‘अपघात होत नसतात,’’ साहेब म्हणाले, ‘‘ते केले जातात.’’ हे वाक्य त्यांनी नोकरीत बोटं तुटलेल्या माणसांनाही ऐकवलं होतं.

सकाळी सहाला ते चहा घेत यादी तपासत होते. पट्टा, जुनी चादर, लशींचं कार्ड. डोळे यादीवर आणि हात बशीत. हाताने बिस्किट मोडलं, अर्धं तोंडात घातलं आणि अर्धं, चार वर्षांच्या सवयीने, टेबलाखाली नेलं.

कुर्रम.

साहेबांनी वाकून पाहिलं. भिडू फरशीवरचा चुरा चाटत होता. पुराव्याची विल्हेवाट इतक्या तत्परतेने लावताना त्यांनी कुणालाच पाहिलं नव्हतं.

घरात कुणाला पत्ता नव्हता. अर्धंच तर होतं. आणि सकाळी दहाच्या ऑपरेशनला अजून चार तास होते. अशा सबबी सांगणाऱ्यांना साहेबांनी आजवर पुरतं बोलूही दिलं नव्हतं. आता स्वतःचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

दवाखान्यात भिडूला टेबलावर चढवलं. सुईसाठी पायावरचे केस काढत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘‘उपाशी आहे ना?’’

‘‘अहो, यांनी आम्हालासुद्धा धड जेवू दिलं नाही,’’ बायको म्हणाली.

सुई भरली गेली. भिडूने साहेबांच्या मनगटावर हनुवटी टेकवली.

‘‘थांबा,’’ साहेब म्हणाले. ‘‘सकाळी सहाला खाल्लंय. बिस्किट. अर्धं.’’

‘‘कुणी दिलं?’’

‘‘मी.’’

‘‘तुम्ही?’’ बायको म्हणाली. लग्नानंतर इतका आनंद तिच्या आवाजात क्वचितच उमटला असेल.

डॉक्टरीणबाईंनी सुई बाजूला ठेवली. ‘‘बोललात ते फार बरं केलंत. शेवटचा नंबर देते, दुपारी चारचा. तोवर इथेच राहू दे, काही द्यायचं नाही. याच्याजवळ कोण बसतंय?’’

‘‘मी बसते. यांना तेवढं बाहेर बसवा.’’

साहेब वही घेऊन निमूट बाहेरच्या बाकाकडे निघाले. भिडू पट्टा ताणून त्यांच्याच मागे जायला बघत होता. घरात भरवशाचा माणूस कोण, याबद्दल त्याच्या मनात काडीची शंका नव्हती.