आतोबांची घोडी चालायला शिकते

माझ्या आतोबांइतका घाईतला माणूस उदगीरपासून नांदेडपर्यंत दुसरा सापडायचा नाही. स्टेशनवर ते इतक्या लवकर पोचतात की आपल्या गाडीच्या आधीची गाडी त्यांना सुटताना दिसते, आणि आपलीच चुकली असं वाटून ते तिच्यामागे धावतात. चहा उभ्यानेच, बशीतून. लग्नात मंगलाष्टकं संपायच्या आत त्यांच्या अक्षता संपतात, मग शेजाऱ्याच्या मुठीतल्या घेतात. आणि समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणं तर त्यांना जमतच नाही. मी मुळात कमी बोलणारी, त्यात इंग्रजी शाळेतली. मराठी शब्द जुळवायला मला जरा वेळ लागतो. आतोबांकडे तेवढा वेळ कुठला? एकदा मी म्हणाले, "आतोबा, मला जरा..." "भूक लागली, हाव! अगं, पोरीला सुशीला दे!" मला खरं तर ताप आला होता. मी तापातच त्या मुरमुऱ्यांच्या सुशीलाच्या दोन बशा संपवल्या आणि कुणाला काही बोलले नाही.

अशा माणसाने घोडी घेतली, तीही स्वतःसारखीच. "माळेगावच्या जत्रेत बाकीच्या घोड्यांकडं मला जावं लागलं," ते सांगत, "मैना माझ्याकडं आली." मैना रवाल चालीची. म्हणजे घोडी धड पळत नाही, धड चालत नाही. चारी पाय भराभर टाकत अशी वाहत जाते की वर बसलेल्याच्या हातातल्या कपातला चहा हिंदकळत नाही. आतोबा खरोखरच कप घेऊन बसत आणि गल्लीतल्या लोकांना दाखवत. अडचण एवढीच होती की मैनाला दोनच गोष्टी येत होत्या, उभं राहणं आणि रवाल. साधं चालणं तिला कुणी शिकवलंच नव्हतं. जळकोट रस्त्यावरच्या शेताकडे म्हणून निघालेले आतोबा शेत ओलांडून पुढे जात, आणि बांधावरचा सालगडी त्यांना नुसता हात करी. थांबण्याची आशा त्यानेही सोडून दिली होती.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण ताईचं लग्न ठरलं. ताई म्हणजे आतोबांची एकुलती एक लेक, माझी आत्तेबहीण. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावरून मारुतीच्या दर्शनाला नेतात, त्याला परण्या म्हणतात. ताईने जाहीर केलं, "त्याचा निघंल तसा माझाबी परण्या निघंल. मैनावर बसून." आतोबांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. आत्या मात्र स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "आधी ती घोडी माणसावानी चालू द्या. हळदीच्या दिवसापर्यंत चालली तर ठीक, न्हाई तर माझी पोर गाडीत बसून जाईल. बापाच्या हौसेपायी तिचं हाडबीड मोडलेलं मला चालायचं न्हाई."

मी तेव्हा लग्नाच्या कामाला म्हणून नांदेडहून आले होते, आणि मला कुणी काम सांगत नव्हतं. म्हणून रोज सकाळी आतोबांबरोबर शेतावर जाऊन बांधावर बसायचे. तूर काढून रान मोकळं झालं होतं. आतोबांचा पहिला उपाय असा की मैनाला म्हशीच्या जोडीला बांधायचं, म्हणजे म्हशीचं बघून ती हळू चालायला शिकेल. आठवड्याभरात म्हैस भराभर चालायला लागली. दूध आटलं, आणि आत्याने दोघांशीही बोलणं सोडलं, आतोबांशी आणि म्हशीशी.

मग ते स्वतः खोगिरावर बसून शिकवू लागले. लगाम दोन्ही हातांनी आवळायचा, टाचा पोटाला घट्ट लावायच्या आणि ओरडायचं, "हळू! हळू गं माय!" तो आरडाओरडा ऐकून तिच्या जागी मी असते तरी पळाले असते. मला बांधावरून दिसत होतं की लगाम ताणला की मैना मान उचलते आणि रवालीला लागते.

"आतोबा, तुम्ही लगाम..."

"आवळत न्हाई नीट, हाव!" म्हणत त्यांनी आणखी आवळला, आणि दोघं पार विहिरीपलीकडे दिसेनासे झाले.

हळद तोंडावर आली. एका सकाळी आतोबा घोडीवरून उतरून माझ्या शेजारी बसले. चक्क बसले. "न्हाई जमायलं गं," म्हणाले. "लेकीनं आजवर एवढं एकच मागितलं." आणि गप्प झाले. इतका वेळ गप्प, की माझं वाक्य तयार झालं.

"आतोबा, तुम्ही लगाम ओढता तेव्हाच ती पळते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मैनाकडे. "अरे हाव की! रवाल शिकवतेतच लगाम आवळून. ती बिचारी माझं ऐकून ऱ्हायली, आन् मीच तिला पळ म्हणायलाव!"

कारण कळलं, तरी हात ऐकेना. पळत्या घोडीचा लगाम सैल सोडायचा म्हणजे छाती लागते. आतोबा एकेक बोट उघडत होते. टाचा पोटापासून दूर, अंग ढिलं, तोंड बंद. तोंड बंद ठेवणं सगळ्यात अवघड गेलं. मैना आधी गोंधळली, मग तिने मान खाली सोडली, फुरफुरली आणि चालू लागली. साधी, बैलासारखी. आतोबा वर बसून कुजबुजले, "चालायलीय! ए, चालायलीय बघ!" दुसऱ्या दिवशी, मैनाला वाजवण्याची सवय व्हावी म्हणून, त्यांनी हलगीवाल्यालाच रानात आणून उभं केलं. हळदीच्या सकाळी आत्याने बांधावर येऊन पाहिलं. "बसू द्या तिला," एवढंच म्हणाली आणि पदर डोक्यावर घेऊन परत गेली.

परण्या निघाला. ताई मैनावर, आतोबा लगाम धरून पायी. चौकात हलगीचा ठेका एकदम वाढला, मैनाचे कान ताठ झाले आणि आतोबांची मूठ आवळली. "पप्पा," ताई वरून हळूच म्हणाली, "हात ढिला." त्यांनी हात ढिला केला. मैना चालत राहिली.

मारुतीचं दर्शन झालं. आता घाई बाकीच्यांनाच झाली होती. "अहो चला, मुहूर्त टळायलाय!" ताईचे मामा, म्हणजे माझे काका, ओरडले. "येतोय की," आतोबा म्हणाले. पाऊल मात्र उचललं नाही भरभर. मारुतीपासून मांडव चार गल्ल्या दूर. आम्ही त्या चार गल्ल्या चार गावांसारख्या चाललो. कुणाच्या ओट्यावर कोण बसलंय, कुणी ताईला लहानपणी काय दिलं होतं, आतोबा सगळं तिला सांगत होते, आणि ती वाकून ऐकत होती.

मांडवाच्या दारात मैना आपणहून थांबली. आत्या आरतीचं ताट घेऊन उभी होती. "उतरवा तिला," ती म्हणाली.

"हाव, उतरवतो," आतोबा म्हणाले, आणि रिकिबीतल्या ताईच्या पावलावर हात ठेवून तसेच उभे राहिले.