एकोणपन्नासवाले

तिला सगळे मानधरीण म्हणत, कारण कामच ते होतं. फरसाठी निळसर कोल्हे पाळणाऱ्या त्या फार्मवर सहाशे पिंजरे. रक्त काढायच्या दिवशी लांब चिमट्याने कोल्ह्याची मान पकडायची, फळीवर दाबायची आणि मागचा पाय ताणून धरायचा. चिमटा सैल पडला की कोल्हा अंगठा फोडतो, आवळला की गुदमरून मरतो. ते तिच्या मनगटाला बरोबर कळत असे. तोंडाने सांग म्हटलं तर तिला जमलं नसतं.

नवरा तिथलाच, कोल्हे मारणारा. विजेची एक सळी तोंडात, एक मागून, बटण दाबलं की संपलं. हिवाळ्यात दिवसाला शंभर. घरी त्याला सळ्या लागत नसत. पहिलं मूल तिसऱ्या महिन्यात पडलं तेव्हा आठवडाभर अबोला. दुसरं पडलं तेव्हा थोबाडीत. तिसरं पडून ती दवाखान्यातून परतली त्याच दिवशी त्याने तिला स्वयंपाकाच्या ओट्यावर आपटली आणि तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं. सासूने हाताला झोळी बांधून दिली. बांधता बांधता ऐकवलं, की हिच्या पोटातच खोट आहे, आता चौथं पडलं तर सरळ दुसरी आणायची.

दर महिन्याला विद्यापीठातून रक्त न्यायला एक बाई येत. कोल्ह्यांची गुणसूत्रं मोजणं हे त्यांचं काम, म्हणून मोजणीवाल्या बाई. या जातीत कुणाची पन्नास निघत, कुणाची अठ्ठेचाळीस, कारण दोन-दोन तुकडे एकमेकांना चिकटलेले. दोन्ही ठणठणीत. घोळ मधल्यांचा, एकोणपन्नासवाल्यांचा. त्यांची जोडी नीट जुळत नाही, पिल्लं कमी होतात. त्यांची यादी आली की मालक ती तिच्या नवऱ्याच्या हातात ठेवी आणि पिंजरे रिकामे होत.

एकदा तिने विचारलं, यादीत नर कशाला असतात.

बाई वैतागून म्हणाल्या, "का, पिल्लं काय मादी एकटीच करते? पिल्लं घटली की सगळे मादीच्या मागे लागतात. म्हणून तर मी दोघांचं रक्त घेते."

हे डोक्यात बसलं ते निघेना. इतक्या वर्षांत सुई कुठे टोचायची ते ती शिकली होतीच. सुट्टीच्या दुपारी नवरा पिऊन पालथा पडला होता, तेव्हा तिने त्याच्या दंडाला रबर आवळलं. तो नुसता घोरला. मग स्वतःचं काढलं. दोन्ही नळ्यांवर रिकाम्या पिंजऱ्यांचे आकडे टाकले आणि दुसऱ्या दिवशी इतर नळ्यांत मिसळून दिल्या.

पुढच्या खेपेला बाईंनी तिला गोदामामागे ओढलं. "एकशे बारा नंबरात कोणाला कोंडलंयस? त्याला शेपूट तरी आहे का?"

मग खूप झापलं. माणसाचं रक्त न विचारता काढणं ही चोरी आहे, पुन्हा केलंस तर हातात सुई दिसणार नाही. झापून झाल्यावर सांगितलं, की तिची शेहेचाळीस, अगदी बरोबर. त्याची पंचेचाळीस, दोन चिकटलेली. मूल दर वेळी पडेलच असं नाही, पण पडतं आहे त्याचं कारण बहुतेक हेच. आणि हा काही रोग नव्हे. कुत्र्याची अठ्ठ्याहत्तर, लांडग्याचीही तेवढीच, लाल कोल्ह्याची जेमतेम चौतीस. सगळे एकाच पूर्वजाचे, तुकडे चिकटत आणि सुटत हे इथवर आले. त्यातला पहिला चिकटलेला कुणीतरी एकटाच असणार.

"नशीब, तेव्हा माझा नवरा यादी घेऊन फिरत नव्हता," ती म्हणाली.

घरी तिने जेवणाच्या ताटावरच सांगून टाकलं, सासूसमोर. त्याचा हात घासावर थांबला.

"म्हणजे मी एकोणपन्नासवाला?"

"हो. आणि तुला कुणी मारत नाहीये."

त्याने केस धरून तिचं तोंड ताटावर आपटलं. दोन दात गेले. उरलेल्यांनी तिने त्याचं मनगट धरलं आणि हाड लागेपर्यंत सोडलं नाही, कोल्हा धरतो तसं. सासू किंचाळत राहिली. ती रक्ताळलेल्या तोंडाने बाहेर पडली आणि फार्मवरच्या खाद्य दळायच्या खोलीत राहायला गेली.

त्या हिवाळ्यात त्याने यादीतल्या कोल्ह्यांना सळ्या लावल्या नाहीत. पहारीने डोकी फोडली. मालक ओरडला तो कातडी खराब झाली म्हणून.

दुसरी आली, वीस-बावीस वर्षांची. वर्ष झालं, दीड झालं. मग एका सकाळी ती दवाखान्याच्या रांगेत मानधरणीला दिसली, एक डोळा पूर्ण मिटलेला. मानधरीण कामावर गेलीच नाही. तिच्या मागोमाग त्या जुन्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"कितवं पडलं?"

"दुसरं."

"तुझ्यात खोट नाही. त्याच्यात आहे, मोजून झालंय. कपडे घे, चल."

पोरगी आत गेली. आतून नवराच आला, हातात फावड्याचा दांडा. मानधरणीला म्हणाला, बाजूला हो. ती दार उघडं धरून उभी राहिली. पहिला फटका खांद्यावर बसला. दुसऱ्याने डावा हात कोपराखाली काडकन मोडला, तरी उजवा चौकटीवरून सुटला नाही. तिसऱ्यासाठी त्याने दांडा उचलला तेव्हा पोरगी त्याच्या काखेखालून, अनवाणी, पिशवी छातीशी धरून बाहेर पडली.