जाऊबाईंचं ऑपरेशन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही — आणि त्यांना तर भाजीत मीठ जास्त पडलं तरी मी आधीच सांगून टाकायची. मग हेच कसं पोटात राहिलं? मला अजून नवल वाटतं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. आमचं घर अकोल्याचं, भिक्षुकीचं. मी अमरावतीची, वडिलांनी घरीच शिकवलेलं इंग्रजी घेऊन सासरी आले. त्याचा तोरा होता मला. नव्हता कसं म्हणू?

मोठ्या जाऊबाई बाळापूरच्या. त्यांना मूल नव्हतं, आणि अंगावरून रक्त फार जायचं. अर्धा अर्धा महिना त्या बाजूला बसलेल्या, आणि सोवळ्यातला सगळा स्वयंपाक माझ्या एकटीच्या गळ्यात. त्या पांढऱ्याफटक पडत चालल्या होत्या — दिसत नव्हतं का मला? दिसत होतं. पण त्याआधी चूल दिसायची.

शेवटी त्यांना अमरावतीला, बायकांच्या दवाखान्यात नेलं. मोठे दीर माझ्याशी कधी बोलत नसत, त्या दिवशी दाराकडे पाहत म्हणाले, "तिच्या जिवाचं हाय. तिलेच ठरवू दे." असं म्हणणारे तेव्हा किती होते? ते बाहेर बसले. आत गोऱ्या डॉक्टरीणबाई, जाऊबाई, आणि मधे मी.

बाई इंग्रजीत, सावकाश, नीट बोलल्या. गर्भपिशवीत गाठ आहे, पण जिवावरची नाही. पिशवी काढली तर रक्त थांबेल; मूल मात्र कधीच होणार नाही, आणि ऑपरेशनात जिवाला धोका आहेच. नाही काढली तर औषध घेऊन वाट पाहता येईल. मुलाची आशा थोडी, पण आहे. मग म्हणाल्या, यांना विचारा, यांना काय हवं.

जाऊबाई माझं तोंड न्याहाळत होत्या. "काय म्हनून राह्यली ते?"

"पिशवी काढाच लागते म्हणतात."

"एवढी बोलली, अन् एवढंच?"

मी हो म्हणून मान हलवली. डोळ्यांपुढे येणारा पितृपक्ष होता — घरचं श्राद्ध, जेवायला येणारे ब्राह्मण, धुरात एकटी मी. खरं सांगते, दुसरं काही नव्हतं. दुष्टावा असता तर निदान ओळखता आला असता.

पण जाऊबाई विचारतच राहिल्या. पिशवी केवढी असते? काढल्यावर तिथं काय राहते? हे मी आनंदानं विचारलं, कारण मलाही ठाऊक नव्हतं. बाईंनी मूठ वळून दाखवली, कागदावर चित्र काढलं. आम्ही दोघी वाकून पाहत होतो. आपल्याच पोटात हे असतं, आणि इतकी वर्षं आपल्याला पत्ता नाही!

मग जाऊबाई हळूच म्हणाल्या, "नाही काढली, त लेकरू होईन काय? इचार ना बाईले."

मी बाईंकडे वळलेसुद्धा नाही. "आता नाही होत," म्हटलं.

त्या कितीतरी वेळ त्या चित्राकडे पाहत राहिल्या. मग मान डोलावली. यांचा विचार पक्का आहे ना, असं बाईंनी मला विचारलं. मी हो म्हटलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. त्यांच्या गालांवर रंग आला. पितृपक्षात त्या माझ्या शेजारी बसून वडे तळत होत्या. खरं कळलं असतं तरी त्यांनी हेच ठरवलं असतं का? मी पुष्कळदा स्वतःला विचारते. कळायला मार्ग नाही. तो मीच बुजवला.

जाऊबाई आता नाहीत. पण असला त्रास असलेली बाई भेटली की त्या तिला जवळ बसवून, माझ्यादेखत, कौतुकानं सांगायच्या — "भेऊ नको. माही जाऊ होती म्हनून मले सारं समजलं. बाईनं मले इचारूनच केलं."

बाईंनी त्यांनाच विचारलं होतं. उत्तर मी दिलं.