खोक्यावरचे दोनशे चाळीस

सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटं. दुकानाचं शटर अजून अर्धंच उघडलंय आणि पहिल्या मजल्यावर मीटरबाई रिमोट हातात धरून भिंतीवरच्या अकरा टीव्हींपुढून सरकतायत. प्रत्येक टीव्ही 'शोरूम मोड'वर: रंग भडक, उजेड पुरेपूर. घरी असं चित्र अर्धा तास पाहिलं तर डोकं धरेल. पण दुकानात शेजारच्यापेक्षा फिका दिसणारा टीव्ही कुणी घेत नाही.

'मीटरबाई' हे टोपणनाव सहकाऱ्यांनी दिलेलं. बाईंच्या खिशात मोजपट्टी असते आणि गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न ठरलेला: "बसता कुठे, आणि तिथून भिंत किती लांब?" एकोणीस वर्षं त्या याच भिंतीपाशी उभ्या आहेत.

आज चौथ्या टीव्हीपाशी त्या थांबल्या. पन्नास इंची, चांगला पॅनेल. पण त्याचा उजेड कुणीतरी वीसवर आणून ठेवला होता. शेजारचा पंचावन्न इंची साहजिकच झगमगत होता.

"मीच कमी केलाय," मागून मॅनेजर म्हणाले. "पंचावन्नचे सात पडून आहेत. आज एक तरी गेला पाहिजे. नाहीतर उद्यापासून तुम्ही तळमजल्यावर, मिक्सरला."

मिक्सरला नवीन भरती उभी राहते.

साडेअकराला एक जावई सासूबाईंना घेऊन आले. सासूबाई गप्प. बाई बोलल्या की त्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघत.

"ऐकू येत नाही त्यांना," जावई म्हणाले. "ओठांवरून ओळखतात. बातम्यासुद्धा तशाच बघतात. म्हणून म्हटलं, हा पंचावन्नचा घ्यावा. खोक्यावर दोनशे चाळीस लिहिलंय. म्हणजे हलणारं चित्र पुसट होणार नाही ना?"

बाईंनी उत्तर टाळलं. "खिडकी कुठे आहे?"

"टीव्हीच्या बरोब्बर समोर. चार वाजता सगळं ऊन भिंतीवर."

नेहमीच्या सवयीने बाईंनी पेन ड्राइव्ह लावला. त्यात आधी नुसता काळा पडदा येतो, मग बातम्या वाचणाऱ्या बाईंचा चेहरा. पंचावन्न इंची पडदा काळा झाला.

मॅनेजर गिऱ्हाइकाच्या मागे खांबाला टेकून उभे होते. गिऱ्हाइकाच्या पाठीमागून आवाज न काढता, नुसते ओठ हलवून हुकूम सोडायची त्यांची जुनी पद्धत. तसंच त्यांनी केलं.

सासूबाई काळ्या पडद्याकडेच बघत होत्या. त्या म्हणाल्या, "काय बोलू नका? आणि सात पडलेत म्हणजे?"

जावई गर्रकन वळले. मॅनेजर हसले. "स्टॉकचं चाललंय हो, मावशी."

"तुम्हाला नाही विचारलं. हिला विचारतेय."

मग बाई सासूबाईंच्या समोर येऊन उभ्या राहिल्या आणि एकेक शब्द ओठांवर नीट दिसेल असा बोलल्या.

"दोनशे चाळीस हा कंपनीचा हिशेब आहे. पॅनेल सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. मधली तो अंदाजाने भरतो, त्यात ओठ फरफटतात. उजेड अडीचशे निट्स, उन्हापुढे कमी पडेल. आणि काच इतकी चकचकीत, की तुम्हाला त्यात आमचे साहेब दिसले. चार वाजता खिडकी दिसेल."

"आणि हा मरगळलेला?"

बाईंनी पन्नासचा उजेड वर नेला आणि पेन ड्राइव्ह काढून त्याला लावला. "हा खरोखर एकशेवीस दाखवतो. सहाशे निट्स. पडदा मॅट आहे, चकाकत नाही."

बातम्या वाचणारा चेहरा लागला. आवाज बंदच होता. सासूबाईंनी दोन वाक्यं मोठ्याने म्हणून दाखवली आणि जावयांना म्हणाल्या, "लहान असू दे. हाच."

जावई पंचावन्नच्या खोक्याकडे बघत म्हणाले, "अन् मी सगळ्यांना मोठा आणतोय म्हणून सांगून बसलो!"

पन्नास गेला. पंचावन्नचे सात संध्याकाळपर्यंत सातच राहिले. साडेसातला मॅनेजरनी ड्युटीचा तक्ता बदलला, आणि बाईंनी त्यावर सही करून रिमोट ड्रॉवरमध्ये ठेवला. मोजपट्टी खिशातच राहिली.

उद्या सकाळी नऊ चाळीसला त्या तळमजल्यावर मिक्सरच्या काउंटरला आहेत.