दालद्यांचं घराणं

"जहाजाचा धंदा? माज्या बापाकडं एक फाटकं जाळं नि एक होडी होती, समीनाभाभी. त्याला जहाज म्हनू?"

आबिदा बोलता बोलता बांगडे साफ करत होती. इथं आखातात, अल रय्यानच्या दोन खोल्यांत ती मासळीचे डबे करते. मूळची रत्नागिरीकडची, खाडीकाठची. दालद्याची, म्हणजे मासे मारणाऱ्याची लेक. समोर समीना, अल दुहैलहून सोयरिकीची साखर घेऊन आलेली. ती साखर घरात ठेवली की आबिदाची लेक जन्नत समीनाच्या मुलाची, अरहानची झाली. अट एकच, पाहुण्यांत मुलीच्या आजोबांचा धंदा जरा बरा सांगायचा.

"दालदी म्हटलं की लोक तोंडं वाकडी करतात गो."

"करू देत. आमच्या लानला विचारा."

लान व्हिएतनामची, शेजारच्या खोलीतली. पार्लरात नखं रंगवते. आबिदानं सुकटीचं कालवण द्यायचं आणि लाननं मोडक्या हिंदीत गोष्ट सांगायची, असं दोघींचं जमलेलं.

"तिच्या मुलखात त्रान म्हनून राजे होऊन गेले. पूर्वज कोन? मासे मारनारे! त्यांच्यातल्या एका पोराचं लगीन लावलं गादीवरच्या पोरसवदा रानीशी. रानीनं गादी दिली नवऱ्याला. खलास, मासेवाले तख्तावर!"

"म्हणजे सोयरिकीनंच की," समीना हसली.

"गादी सोयरिकीनं आली, टिकवली अकलेनं. मंगोल तीनदा चालून आले. तिसऱ्या खेपेला ह्यांनी नदीत टोकदार खांब ठोकले. भरतीत खांब दिसंनात. मंगोलांची गलबतं आत घेतली, ओहोटी लागली नि बसली खांबांवर. भरती-ओहोटीचं गनित आमच्याशिवाय कुनाला येतं? आनि राजे झाले म्हनून कूळ लपवलं काय? उलट मांडीवर ड्रॅगन गोंदून घेत, मासे मारनाऱ्यांची रीत म्हनून. आमाला गोंदन चालत नाय, नायतर मी पापलेट गोंदलं असतं!"

"बुडालेच ना शेवटी तुझे राजे?"

"बुडाले. पावनेदोनशे वर्सं राज्य करून बुडाले. तुमचं जहाज निकाहपर्यंत पन तरायचं नाय."

समीनाचं हसू गेलं. "मग साखर कशी ठेवू मी?"

आबिदानं दाराकडं पाहिलं. तिथं जन्नत उभी होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत.

"नाना वॉज अ फिशरमन, आंटी," ती आजोबांबद्दल म्हणाली.

आबिदानं हात धुतले, साखरेची पिशवी उचलून समीनाच्या हातात दिली. "अरहानला सांगा, दालद्याच्या घरी यायचं असंल तर सोता साखर आन. दार उघडं हाय."

समीना पिशवी घेऊन गेली. बाहेर लिफ्टचं दार वाजलं.

"रडतंस काय?"

"नो."

"मग यल्ला, चल, कोलंबी सोल. डबे उशिरा गेले तर गिऱ्हाईक काय राजे खानार?"

आणि आबिदानं विळी पुढं ओढून दुसरा बांगडा घेतला.