टाक्याजवळची भाकरी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी पहिला प्रश्न टाकायचो — "तू स्वतः पाहिलंस?" मुरबाडला गणिताचा मास्तर होतो, स्वभावच संशयी. त्यामुळे हे लिहिताना ओशाळल्यासारखं होतंय... तरी लिहितो.

साल १९६१, चैत्र संपत आलेला. आपल्या ठाणे जिल्ह्यातून वर पुणे जिल्ह्यात चढणाऱ्या जुन्या बैलवाटांची टिपणं काढायचा मला नाद होता. त्या दिवशी वाट दाखवायला पायथ्याच्या ठाकरवाडीतला धर्मा होता. अर्ध्या घाटात कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे, असं ऐकलं होतं. पण धर्मा फाट्यावरच थबकला.

"तिकडं नाय जायाचं, गुरुजी. त्या पाण्याला आमी शिवत नाय."

"का?"

"नाय म्हंजे नाय."

मला वाटलं, हातभट्टी असणार! एकटाच निघालो.

भर दुपार. टाक्याशी तीन दगडांची चूल, वर खापराचा तवा... आणि त्यात नाचणीची भाकरी, वाफाळती. शेजारी पळसाच्या पानावर चटणी. चार हाका मारल्या, कोणी ओ देईना. धुळीत पावलं बघितली — फक्त माझ्याच चपलांची. पण भूक सडकून लागलेली. बसलो आणि सगळं खाल्लं.

परत येऊन धर्माला दरडावलं, "कोणाला लपवतोयस? भाकरी कोणी भाजली?"

"कसली भाकरी?"

"नाचणीची! आणि खुरासणीची चटणी, कच्ची करवंदं घालून वाटलेली."

धर्मा माझ्या अगदी जवळ आला.

"करवंदं घालून वाडीत कोनच वाटीत नाय, गुरुजी. माजी आय वाटायची."

त्याची आई सात वर्षांपूर्वी त्याच टाक्यावर पाण्याला गेली होती. हंडा तेवढा सापडला, ती नाही.

मग त्याने हळूच विचारलं, "थोडी तरी ठिवली का?"

"नाही रे, सगळी खाल्ली."

तो उठला आणि टाक्याकडे पळत सुटला. मी मागोमाग. चूल नव्हती, तवा नव्हता, राखेचा कणसुद्धा नव्हता. ते पान मात्र होतं, मी पुसून खाल्लेलं. धर्माने ते उचललं, हुंगलं, घडी करून मुंडाशात खोचलं आणि माझ्याकडे न बघता उतरायला लागला.

हा त्याचाच बनाव असेल, असं मी कितीदा तरी ताडून पाहिलं. पण टाक्याकडे जाणारी वाट एकच, आणि तिच्या तोंडाशी तो मला सबंध वेळ दिसत होता... माझं हे गणित आजवर सुटलेलं नाही.